जुनी गाडी आणि खारा वारा

अलिबागहून उत्तरेकडे निघालेला रस्ता माडा-सुपारीच्या वाड्यांतून थळला पोहोचतो, तेव्हा समुद्र दिसण्याआधीच त्याची चाहूल लागते. दारांच्या कड्या-कोयंड्यांवर, सायकलींच्या साखळ्यांवर, दुकानांच्या शटरांवर तांबूस पूड धरलेली असते. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही जलदुर्गांची जोडी दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीची तटबंदी उभारायला घेतली, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही तिला विरोध केला होता. त्या बेटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आजही पाहायला मिळतात. त्या गंजल्या, तरी ओळखू येतात, कारण त्यांच्या ओतीव लोखंडाला भरभक्कम जाडी आहे. मोटारीच्या पत्र्याची जाडी साधारणतः एक मिलिमीटरच्याही आत असते. खाऱ्या वाऱ्यासमोर तिचा टिकाव किती काळ लागावा?

तरीही या किनारपट्टीवरील व्यापारी घरांच्या अंगणांत जुनी वाहने उभी असलेली दिसतात. दुकानाचा माल आणणारा टेम्पो, पहिल्या बरकतीच्या वर्षी घेतलेली मारुती ८००, वडिलांच्या हातची बजाज चेतक. यांतील काही गरजेपोटी ठेवलेली असतात, काही मायेपोटी. गाडी चालती असेपर्यंत तिचा कोणी विचार करत नाही. ती बंद पडते तेव्हा मात्र घरातील प्रत्येक जण कारण सांगू लागतो.

एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मुंबईचे एक कुटुंब शनिवारी आपली अठरा-वीस वर्षांची मोटार रो-रो बोटीवर चढवून मांडव्याला उतरते. भाऊच्या धक्क्यावरून ही सेवा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून असा प्रवास सोपा झाला आहे. रविवारी दुपारी थळहून परत निघायचे असते. बोटीची वेळ ठरलेली, घरी पोहोचून सूर्यास्तापूर्वी चौविहार करण्याची आजींची घाई. किल्ली फिरवली जाते आणि ‘टिक’ एवढाच आवाज येतो. कोणी म्हणते, बॅटरी गेली. कोणी म्हणते, सेल्फ जळाला. रविवारी दुकाने बंद; एखादे उघडे सापडले, तर नवी बॅटरी बसवली जाते, आणि पुन्हा ‘टिक’. चार-पाच हजार रुपये गेले, बोट चुकली आणि दोष होता तेथेच राहिला.

आधी पडताळणी, मग खर्च

ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी जाणता मुनीम सगळी खतावणी नव्याने लिहायला घेत नाही. तो आधी फरक किती आहे ते पाहतो, मग तो कोणत्या पानावर शिरला असेल याचा माग काढतो. जुन्या गाडीच्या दुरुस्तीचे शास्त्र याहून वेगळे नाही. जी तपासणी फुकट आहे ती प्रथम करावी, जिला थोडा खर्च आहे ती नंतर, आणि सुटा भाग बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. अंदाजाने भाग बदलत जाणे म्हणजे पावती न पाहता रक्कम भरणे होय.

वरील प्रसंगात पहिली फुकट तपासणी अशी: मोटारीचे पुढचे दिवे लावावेत आणि मग किल्ली फिरवावी. दिवे मंद होऊन जवळजवळ विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडणीत दोष आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि काहीच हालचाल झाली नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. किल्लीचा स्विच, त्याची तार किंवा सोलेनॉइड पाहावे. सलग ‘टिक-टिक-टिक’ असा आवाज हे अपुऱ्या दाबाचे लक्षण आहे. एकच जड ‘टक’ ऐकू आली, तर सोलेनॉइडच्या किंवा सेल्फच्या आतील भागांवर संशय घ्यावा.

दिवे लख्ख लागतात म्हणून बॅटरीची जोडणी चांगली आहे, असा समज सर्वत्र आढळतो. साधे अंकगणित तो दूर करते. पुढच्या एका दिव्याला सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो, तर सेल्फला १५० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. बॅटरीच्या टर्मिनलवर क्षार जमून तेथे अवघा ०.०२ ओहम रोध निर्माण झाला असे धरू. दिव्याच्या वाटेत त्यामुळे ०.१ व्होल्टची घट होईल. ती डोळ्याला जाणवणारही नाही. सेल्फच्या वाटेत मात्र पूर्ण ३ व्होल्ट घटतील, आणि १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फला जेमतेम ९ उरतील. बॅटरी उत्तम, सेल्फ उत्तम. मधल्या चिमूटभर पांढऱ्या भुकटीने गाडी अडवलेली!

थळसारख्या गावी ही भुकटी लवकर जमते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओलावा शोषून पाझरू लागते, आणि ते खारे पाणी विजेचे वाहक असल्याने दोन धातूंच्या सांध्यात गंजण्याची क्रिया वेगाने चालते. सांध्याच्या आत गंज धरला की बाहेरून सारे ठाकठीक दिसते. बॅटरीच्या ऋण टोकाकडून मोटारीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी हे तर अशा दोषाचे आवडते घर. मंद दिवे, एक दिवा लावला की दुसरा लुकलुकणे, हॉर्न वाजवताच काटे हलणे, अशा विचित्र तक्रारींमागे पुष्कळदा अर्थिंगचा एखादा गंजलेला बोल्ट निघतो.

उपाय घरचाच आहे. प्रथम ऋण टर्मिनल सोडावे, मग धन. जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण शेवटी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने भुकटी धुवावी, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. टर्मिनल कोरडे करून काचकागदाने घासावेत, घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. काम करताना जवळ निरांजन, उदबत्ती वा विडी नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटत असतो.

काहीशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर प्रत्येक व्यापारी घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असेल, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.० च्या आसपास असेल, तर बहुतांशी रिकामी. इंजिन चालू असताना तोच आकडा सुमारे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो वर चढत नसेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा दोषी आहे, आणि अशा गाडीला रोज नवी बॅटरी घातली तरी ती उतरतच राहील. आकडा १५ च्या पुढे जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचे पाणी उकळून उडत आहे, असे समजावे.

सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही

पेट्रोलच्या इंजिनाला हवा, इंधन आणि योग्य क्षणी ठिणगी, एवढेच हवे असते. यांपैकी काय कमी पडले, हे स्पार्क प्लग सांगतो. प्लग काढून पाहावा. पेट्रोलने भिजलेला असेल, तर इंधन पोहोचते आहे पण ठिणगी नाही, किंवा चोक ओढून ओढून इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे. कोरडा असेल, तर इंधनच येत नाही. टोकाचा रंग फिकट तपकिरी असणे हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. कोरडी काजळी अति पेट्रोलची वा तुंबलेल्या एअर फिल्टरची खूण. तेलकट काळा थर झिजलेल्या पिस्टन रिंगांची. आणि पांढरट, भाजल्यासारखे टोक इंजिन गरम होत असल्याची किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याची.

जुन्या पद्मिनी व ॲम्बॅसडर मोटारींत ठिणगीचा कारभार डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटकडे आणि कंडेन्सरकडे असे. पॉइंटची फट सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर राहावी लागते. पावसाळी सकाळी अशी गाडी रुसली, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून कोरड्या फडक्याने आतला ओलावा पुसणे, एवढ्यानेच ती पुष्कळदा चालू होते. उन्हाळ्यात याच मोटारी चढावर दम टाकत. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि पंप ती ओढू शकत नसे. पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबणारे जुने चालक पदार्थविज्ञानच आचरत होते.

चेतक स्कूटर किक मारण्यापूर्वी एका कुशीवर कलती करण्याची सवय साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहे. तेवढ्याने काम न झाल्यास पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, प्लग काजळला नाही ना आणि कार्बोरेटरचे जेट तुंबलेले नाही ना, या क्रमाने पाहावे. चढावर ओढ गेली असेल, तर सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन तपासावा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात तेलाचे प्रमाण वाढले की तो थर लवकर जमतो.

अलीकडच्या काळात एका नव्या कारणाची भर पडली आहे. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते, आणि त्याचा विचार न करता बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या, वॉशर व गॅस्केट त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात. जुन्या वाहनाच्या पेट्रोलच्या नळ्या एकदा बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या बसवणे, हा खर्च टाळू नये. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकीतील पेट्रोल जुने होऊ देऊ नये. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर किल्लीला हातच लावू नये. गळती शोधून मगच पुढे जावे.

चातुर्मासात उभी राहिलेली गाडी

पावसाळ्याच्या चार महिन्यांत अनेक कुटुंबांचा प्रवास कमी होतो. या काळात अलिबाग परिसरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ताडपत्री घट्ट बांधलेल्या गाडीचे आत-आत नुकसान होत असते. बॅटरी आपोआप उतरते. हँडब्रेक ओढून ठेवला असेल, तर ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटतात आणि क्लच प्लेटही फ्लायव्हीलला धरून बसते. उंदीर वायरी कुरतडतात.

म्हणून अशी गाडी सपाट जागी गिअरमध्ये, चाकाला लाकडी ठोकळा लावून, हँडब्रेक न ओढता उभी करावी. आच्छादन श्वास घेणारे असावे. आठवड्यातून एकदा ती सात-आठ किलोमीटर चालवून आणावी. जागीच पाच मिनिटे इंजिन चालवल्याने सेल्फने घेतलेली वीज पुरती भरून येत नाही. गाडी फिरती राहिली की उंदीरही तेथे घर करत नाहीत, आणि विषाचा विचार मनात आणण्याची वेळ येत नाही.

तापणारे इंजिन, धुराचे रंग

तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उसळून चेहरा-हात भाजते. अर्ध्या-पाऊण तासाने, थंड झाल्यावर, पाण्याची पातळी, नळ्यांची गळती आणि पंख्याचा पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटिमीटर दबावा; त्याहून अधिक लोंबत असेल, तर तो घसरत आहे. पंखा विजेवर चालणारा असेल, तर आधी फ्यूज पाहावा, मग त्याची जोडणी. खाऱ्या हवेत येथेही सांधाच दगा देतो. तेलाच्या गजावर दुधी चहासारखा रंग दिसला, तर हेड गॅस्केट जाऊन पाणी तेलात मिसळले आहे. गाडी ओढूनच न्यावी.

मालाच्या डिझेल टेम्पोला ठिणगीची गरज नसते. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. म्हणून त्याच्या तक्रारींची मुळे बहुधा डिझेलच्या वाटेत असतात. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते, आणि नंतर कितीही डिझेल भरले तरी इंजिन पेटत नाही. हातपंपाने हवा काढल्यावरच ते सुरू होते. चालकाला हे शिकवून ठेवले, तर आडरस्त्यावरचे दोन तास वाचतात. काळा धूर एअर फिल्टर वा इंजेक्टरचा दोष दाखवतो, निळसर धूर इंजिनातील तेल जळत असल्याचा. आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलाचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा.

जेथे काटकसर अधर्म आहे

आतापर्यंत सांगितलेल्या दोषांनी गाडी थांबते. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांच्या दोषांनी ती थांबत नाही, आणि तेच भयंकर आहे. ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडरची आतील सील गेली आहे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा सिलिंडर अडकला आहे किंवा लायनरवर तेल उतरले आहे. यांपैकी कोणतेही लक्षण ‘उद्या पाहू’ म्हणण्याजोगे नाही.

ब्रेकचे तेलही पाणी शोषते. साध्या प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळले की पेडल पोकळ जाते. पनवेल-पुण्याकडे माल नेणाऱ्याने तर दर दोन वर्षांनी हे तेल बदललेच पाहिजे.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला, असेही नाही. त्याच्या बगलेवर चार अंकांचा शिक्का असतो. २३१९ असे लिहिले असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बगलेवर बारीक भेगा दिसू लागल्या की त्याला निरोप द्यावा.

सांगाड्याची परीक्षा आणि शेवटचा हिशेब

किनाऱ्यावर मोटार वाळूत उतरवण्याची हौस अनेकांना असते. भरतीच्या रेषेजवळ चाके फिरली की खारे पाणी ब्रेकच्या ड्रमांत, बेअरिंगांत आणि सांगाड्याच्या पोकळ्यांत शिरते. ही हौस टाळावी. टळली नाही, तर त्याच दिवशी गाडीचा तळ भरपूर गोड्या पाण्याने धुवावा. दरवाजांच्या खालच्या कडेला असलेली बारीक छिद्रे तुंबू देऊ नयेत, कारण आत साचलेले पाणी पत्रा आतूनच खाते.

वर्षातून एकदा गाडी वर उचलून तिचा तळ पाहावा. जाड स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून आणि हलक्या हातोडीने ठोकून अंदाज घ्यावा. धातूचा स्वच्छ नाद आला, तर उत्तम. बद्द आवाज आला किंवा टोक आत रुतले, तर तेथे फक्त रंग उरला आहे. बाहेरच्या पत्र्याची डागडुजी करता येते. मुख्य सांगाडा, सस्पेन्शनचे बैठकबिंदू आणि सीटबेल्ट जेथे बांधतात ती जागा गंजली असेल, तर मात्र मनाची समजूत काढून थांबावे.

उरतो पैशांचा प्रश्न. दोन लाखांना घेतलेल्या मोटारीवर दरवर्षी १५ टक्के घसारा काढत गेल्यास पंधरा वर्षांनी तिची पुस्तकी किंमत साधारण साडेसतरा हजार रुपये उरते. या आकड्याकडे पाहून कोणी म्हणेल, त्यावर वर्षाला तीस हजारांची दुरुस्ती कशाला? परंतु तुलना पुस्तकी किमतीशी करायची नसते, पर्यायाच्या खर्चाशी करायची असते. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १०,३८० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ सव्वा लाख. सांगाडा व इंजिन धडधाकट असेल, तर जुनी गाडी जपणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. दुसऱ्या बाजूला, पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पूर्वी मोटारीसाठी ६०० रुपये असलेले त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. हरित कर, विमा आणि प्रदूषण तपासणी यांचीही बेरीज मांडावी. आणि ज्या दिवशी गाडी बेभरवशाची होऊन दुकानाचे गिऱ्हाईक ताटकळू लागते, त्या दिवसापासून तो तोटाही तिच्याच खात्यावर लिहावा.

यासाठी गाडीत एक साधी वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, लक्षण, तपासणी, दुरुस्ती, रक्कम. तीन वर्षांच्या नोंदींतून गाडीचा स्वभाव कळतो, आणि मिस्त्रीलाही दोष शोधताना दिशा मिळते. निरोपाची वेळ आलीच, तर गाडी रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला तोंडी व्यवहारात देऊ नये. अधिकृत मोडणी केंद्रात देऊन जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द करून घ्यावी; अन्यथा तिच्या क्रमांकाचा गैरवापर झाल्यास प्रश्न जुन्या मालकालाच विचारले जातात. काढलेले तेल व बॅटरीचे आम्ल गटारात किंवा खाडीत ओतणे तर सर्वथा वर्ज्य. त्या पाण्यात असंख्य जीव आहेत, आणि त्याच पाण्यावर थळच्या कोळीवाड्याची चूल पेटते.

आता पुन्हा त्या रविवारच्या दुपारकडे वळावे. दिवे लावून किल्ली फिरवली, दिवे विझले. बॉनेट उघडले, तर धन टर्मिनल हाताने हलते आहे आणि त्यावर पांढरी भुकटी आहे. स्वयंपाकघरातून सोड्याचे पाणी येते, पान्याचे दोन आटे दिले जातात आणि मोटार एका दमात सुरू होते. मांडव्याची बोट मिळते. आजी वेळेत घरी पोहोचतात. खर्च शून्य, वहीत मात्र तारखेसह एक ओळ.